जुने व्हॅक्युम क्लीनर: देश बदलला की आकार का बदलतो, आणि संग्रह करायचा तर काय बघायचं?



जुने कॅमेरे जमवणारे तुम्ही पाहिले असतील, पहिला नोकिया अजून जपून ठेवणारेही असतील. मी जुने व्हॅक्युम क्लीनर जमवतो. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "चालतात का?" माझ्याकडे सध्या सात आहेत. पाच चालतात, एक फक्त बघायला आहे, आणि एक मी स्वतःच्या हाताने जाळला होता. त्याची गोष्ट पुढे येईलच, कारण या छंदातला सगळ्यात महत्त्वाचा धडा मला त्यानेच शिकवला.

आज आपण बघणार आहोत की अमेरिकेतलं यंत्र उभं, स्वीडनमधलं आडवं आणि रशियातलं मागून हवा फेकणारं का असतं. आणि तुम्हाला असं एखादं जुनं मशीन मिळालं, तर पिन सॉकेटमध्ये घालण्याआधी नेमकं काय तपासायचं.

सुरुवात कशी झाली?

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ साफ करणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र धूळ फुंकून उडवायचं. बूथच्या डोक्यात आलं की फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? असं म्हणतात की त्याने एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि तोंडाने जोरात हवा ओढली. रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला. झालं, कल्पना बरोबर निघाली!

पण त्याचं यंत्र केवढं? घोडागाडीवर बसवलेलं, पेट्रोल इंजिनवर चालणारं. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि लांबलचक पाईप खिडकीतून घरात सोडायचे. १९०२ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे याच यंत्राने साफ केले होते. ज्यांना हे परवडत नव्हतं आणि ज्यांच्याकडे वीजही नव्हती, त्यांच्यासाठी हाताने चालवायचे भाते आले. एकाने लोहाराच्या भात्यासारखा भाता हलवत राहायचा आणि दुसऱ्याने नळी फिरवायची.

घरात एकट्याने चालवता येईल असं विजेचं मशीन यायला अमेरिकेतला एक सफाई कामगार कारणीभूत ठरला. जेम्स मरे स्पँग्लर ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडूने उडणारी धूळ सहन व्हायची नाही. १९०७ च्या सुमाराला त्याने पंख्याची मोटर, लाकडी खोकं, झाडूचा दांडा आणि धूळ साठायला उशीचा अभ्रा असं जोडून मशीन बनवलं. १९०८ मध्ये पेटंट मिळालं. ते विकत घेतलं विल्यम हूवरने. या माणसाचा धंदा घोड्याच्या चामडी सामानाचा, आणि रस्त्यावर मोटारी दिसायला लागलेल्या! त्याच वर्षी हूवरचं 'मॉडेल ओ' बाजारात आलं. आजही संग्राहकांच्या यादीत ते अगदी वरच्या नंबरला असतं.

उभा आणि आडवा म्हणजे नेमका काय फरक?

बहुतेक लोक हा फरक फक्त दिसण्याचा समजतात. तसं नाहीये. आतून हवेचा रस्ताच वेगळा असतो.

जुन्या उभ्या मशीनमध्ये, ज्याला अपराईट म्हणतात, पंखा खाली तोंडाजवळच असतो. धूळ आधी पंख्यातून जाते आणि मग मागच्या कापडी पिशवीत. रस्ता छोटा, त्यामुळे भरपूर हवा खेचली जाते. तोटा असा की एखादं नाणं किंवा स्क्रू आत गेला तर सरळ पंख्याच्या पात्यावर आदळतो. जुनं अपराईट घेताना म्हणूनच मी आधी बोट घालून (अर्थात पिन काढलेली असताना!) पाती तुटलीत का ते बघतो.

आडव्या मशीनमध्ये, म्हणजे सिलेंडर किंवा कॅनिस्टरमध्ये, आधी पिशवी आणि मग पंखा. धूळ पिशवीतच अडते, पंख्यापर्यंत स्वच्छ हवा पोचते. इथे लांब नळीतून हवा ओढायची असते, म्हणून पंख्याला ताण जास्त द्यावा लागतो. सोफ्याखाली, कपाटावर, पडद्यांवर हे सोयीचं.

आता एक सोपी कसोटी सांगतो. मशीन हातात आलं की ते उलटं करा आणि खालून बघा. फिरणारा ब्रश दिसला तर ते गालिच्याच्या घरातून आलंय. ब्रश नाही, नुसतं सपाट तोंड आणि नळी, तर फरशीच्या किंवा लाकडी जमिनीच्या घरातून. ही कसोटी शंभर टक्के नाही, पण मला तरी तिने क्वचितच फसवलंय.

देशोदेशीचे आकार

अमेरिकेत घरभर गालिचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवलेला, उचलून झटकता येणार नाही असा. त्यात रुतलेली वाळू नुसत्या ओढण्याने निघत नाही, तिला आधी ठोकून वर आणावं लागतं. १९२६ साली हूवरने फिरत्या ब्रशच्या रुळावर धातूच्या पट्ट्या बसवल्या. त्या गालिच्याला टकटक मारत जातात, आणि जुन्या अपराईटचा तो घरघर-टकटक आवाज यातूनच येतो. पुढे १९३६ चं हूवर १५० हेन्री ड्रेफसने डिझाइन केलं, आणि १९३७ चं अमेरिकन इलेक्ट्रोलक्स 'मॉडेल ३०' लुरेल गिल्डने. हे दुसरं तर आगगाडीच्या इंजिनासारखं निमुळतं आहे, घरातल्या घरात स्लेजसारखं ओढत न्यायचं. बघाल तर कळेल की गॅझेटला 'लूक' देण्याचं खूळ स्मार्टफोनवाल्यांनी नाही सुरू केलेलं!

ब्रिटनमध्ये गंमत आहे. युरोपच्या इतक्या जवळ असूनही तिथे अपराईट रुजलं. गालिचे होतेच, शिवाय हूवरने पश्चिम लंडनमध्ये पेरिव्हेलला स्वतःचा कारखाना उभारला. १९३० च्या दशकातली ती पांढरीशुभ्र इमारत आजही उभी आहे. आता तिथे सुपरमार्केट आणि फ्लॅट आहेत. तिथल्या बोलीत 'हूवर करणं' हे क्रियापदच झालं, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. पण घरं छोटी, म्हणून 'हूवर ज्युनिअर'सारखी आटोपशीर मशीन्स तिथे घरोघरी दिसायची.

स्वीडनमध्ये उलटं. लाकडी जमिनी, त्यावर सुटे गालिचे, जे बाहेर नेऊन झटकता येतात. १९२१ साली इलेक्ट्रोलक्सने 'मॉडेल ५' आणलं. आडवं सिलेंडर, खाली धातूच्या दोन पट्ट्या, बर्फावरच्या घसरगाडीसारख्या. नळी ओढली की मशीन मागून सरकत येतं. आज आपल्या डोळ्यांसमोर कॅनिस्टर म्हणून जो आकार येतो, त्याचा हा आजोबा.

जर्मनीची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. फोरवेर्क ही मूळची गालिचे बनवणारी कंपनी, १८८३ पासूनची. नंतर ग्रामोफोनच्या मोटरी बनवायला लागली. मग घरोघरी रेडिओ आला आणि ग्रामोफोनचा खप बसला. या पडून राहणाऱ्या मोटरींचं करायचं काय? १९३० मध्ये तिथल्या इंजिनिअरने ती मोटर एका काठीवर बसवून 'कोबोल्ड' नावाचं हलकं मशीन बनवलं. दुकानात ते कुणी घेईना. मग कंपनीने माणसं घरोघरी पाठवली आणि खप वाढला. काठीला मधोमध मोटर, खाली तोंड, बाजूला पिशवी. आजचं बिनवायरचं स्टिक व्हॅक्युम शेजारी ठेवून बघा, मांडणी किती जवळची आहे ते!

सोव्हिएत रशियातली मशीन्स ओळखायची खूण मागच्या बाजूला असते. बऱ्याच मॉडेलना मागे हवा बाहेर फेकणारं तोंड असायचं, आणि नळी तिथेही बसायची. सोबत काचेच्या बरणीवर बसणारी फवारणीची जोडणी. त्याने लोक काय करायचे? घराच्या छताला चुना द्यायचे! दुकानात वस्तू सहज मिळत नसत, तेव्हा एका मशीनने दोन-तीन कामं करणं ही गरजच होती. लिथुआनियातल्या विल्नियसमध्ये बनलेलं 'सातुर्नास' तर शनी ग्रहासारखं गोल, भोवती कडं असलेलं. त्याचा अमेरिकन भाऊ म्हणजे १९५० च्या दशकातलं हूवर 'कॉन्स्टेलेशन'. तोही गोळाच, आणि त्याच्या पुढच्या मॉडेलमध्ये बाहेर पडणारी हवा खाली सोडलेली, त्यामुळे मशीन स्वतःच्याच हवेवर किंचित तरंगायचं. चाकं नाहीतच.

जपानमध्ये १९३१ साली पुढे तोशिबा झालेल्या कंपनीने पहिलं मशीन काढलं, अमेरिकन पद्धतीचं अपराईट. पण जपानी घरात जमिनीवर गवती तातामी चटया असतात, त्यांना टकटक मारणारा ब्रश काय कामाचा? पुढे तिथेही नळीवाली हलकी मशीन्सच चालली. जाता जाता एक: जेम्स डायसनचं पिशवीशिवायचं पहिलं गुलाबी 'जी-फोर्स' १९८६ मध्ये विकायला आलं ते जपानमध्येच.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे शहाबादी फरशी, मोझेक, नंतर टाईल्स. रोज केर काढायचा आणि लादी पुसायची. गालिचा असलाच तर हॉलमध्ये एखादा. त्यामुळे अपराईट इथे आलंच नाही म्हटलं तरी चालेल. १९८२ मध्ये भारतातला फोर्ब्स समूह आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून मुंबईत युरेका फोर्ब्स सुरू केली. तिचं 'युरोक्लीन' नळीवालं, आडवं, म्हणजे थेट स्वीडिश वळणाचं. आणि विकायची पद्धत जर्मन कोबोल्डसारखी, टाय लावलेला माणूस दारात.

आमच्या घरी असंच एक मशीन १९९१ मध्ये हप्त्यांवर आलं. विक्रेत्याने आमची गादी साफ करून त्यातून निघालेली धूळ कागदावर ओतून दाखवली, आणि आईचा चेहरा असा काही पडला की बाबांना नाही म्हणताच आलं नाही. पुढे ते मशीन वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरून खाली यायचं. पंखे, जाळ्या, सोफा. उरलेलं वर्ष केरसुणीच. माझ्या संग्रहातलं ते पहिलं मशीन, आणि अजून चालतं.

व्होल्टेज: इथे मी चुकलो

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी सात महिने अमेरिकेत, क्लीव्हलँडला होतो. तिथून नॉर्थ कँटन गाडीने तासाभराच्या अंतरावर. हूवर कुटुंबाच्या जुन्या घरातलं संग्रहालय बघून आलो आणि वेडच लागलं. नंतर एका गॅरेज सेलमध्ये १९५० च्या दशकातलं एक अपराईट दिसलं. विकणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी लग्नापासून तेच वापरलं होतं. १२ डॉलर घेतले आणि म्हणाल्या, "शोभेला ठेवू नकोस, चालव." मी हो म्हटलं. दांडा सुटा करून, मोटरचा भाग कपड्यांत गुंडाळून बॅगेतून चिंचवडला आणलं.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी काय केलं? चपट्या पिनेला ट्रॅव्हल ॲडॅप्टर लावला आणि बटण दाबलं. मशीन किंचाळलं. आवाज चढत गेला, आतून निळ्या ठिणग्या, मग जळका वास, मग शांतता. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे, काय पेटलं?" मला उत्तरच देता आलं नाही. ऐंशी वर्षांच्या बाईंना दिलेला शब्द डोळ्यांसमोर धूर सोडत होता.

चूक काय झाली ते समजून घ्या. ॲडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. फोनचा चार्जर दोन्हीकडे चालतो, कारण त्यावर १०० ते २४० असं छापलेलं असतं आणि आतलं सर्किट स्वतः जुळवून घेतं. आपल्याला त्या चार्जरची इतकी सवय झालीये की सगळंच तसं असेल असं वाटतं. जुन्या मोटरीला जुळवून घेणं माहीतच नाही. दुप्पट व्होल्टेजवर तिचा वेग आणि प्रवाह दोन्ही भलतेच वाढतात, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दीडपट झाला तरी उष्णता सव्वादोनपट!

५० आणि ६० हर्ट्झचा फरक मात्र इथे अडचणीचा नाही. व्हॅक्युम क्लीनरमध्ये असते ती युनिव्हर्सल मोटर, एसी आणि डीसी दोन्हीवर चालणारी. घरातल्या मिक्सरमध्ये हीच असते, म्हणून दोघांचा आवाज आणि ठिणग्यांचा वास सारखा. पूर्वी बऱ्याच शहरांत काही भागांत एसी आणि काही भागांत डीसी वीज होती, त्यामुळे कंपन्यांना अशी मोटर सोयीची पडली.

जळलेली मोटर घेऊन मी वाइंडिंग करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी आर्मेचर उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या व्होल्टेजला भरू?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. १२० व्होल्टच्या मोटरीत तार जाड आणि वेढे कमी. २३० ला भरायची तर तार बारीक आणि वेढे साधारण दुप्पट. "दोनशेतीसला भरतो, थेट घरच्या प्लगवर चालेल, झंझट नाही."

आठ दिवस मी विचार करत होतो. २३० ला भरली असती तर वापरायला सोपं झालं असतं. पण मग ते अमेरिकन मशीन राहिलं असतं का? वरून ओहायोचं आणि आतून चिंचवडचं! काही संग्राहक म्हणतील की चालणं महत्त्वाचं, तारेचं कोण बघतंय. त्यांचंही चूक नाही. मी शेवटी १२० लाच भरून घेतली आणि वेगळा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. खर्च मशीनच्या किमतीच्या कितीतरी पट झाला, तो आकडा आईला अजून माहीत नाही.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर

मुंबईचा चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि नातेवाइकांचे माळे. माझा अनुभव असा की तिसरी जागा सर्वात चांगली. भाव करावा लागत नाही आणि मशीनचा इतिहास फुकट ऐकायला मिळतो.

मशीन मिळालं की पहिलं काम म्हणजे त्यावरची धातूची पट्टी वाचणं. अक्षरं झिजलेली असतात. फोनचा टॉर्च समोरून न मारता एका बाजूने तिरपा मारा, म्हणजे सावलीमुळे ठसे उठून दिसतात, आणि मग फोटो काढा. रशियन किंवा जपानी लिपी असेल तर भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा कामाला येतो. पट्टीवर १०० व्होल्ट असेल तर जपान, ११० ते १२० असेल तर बहुधा अमेरिका, २२० ते २४० असेल तर युरोप, ब्रिटन किंवा आपण. पट्टीच नसेल तर मशीन प्लगमध्ये घालूच नका.

वॉट बघून जुन्याला कमी लेखू नका. वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं, किती ओढतं ते नव्हे. जुन्यांवर तीनशे-चारशे वॉट लिहिलेलं असतं. नव्यांचे आकडे इतके फुगत गेले की युरोपीय संघाला २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची मर्यादा घालावी लागली. त्याहून कमी विजेतही मशीन चांगलं साफ करतं, हे जुन्यांनी केव्हाच दाखवलंय.

मग वायर. जुनं रबर वाळून तुकडे पडतं, आणि कितीतरी मशीन्स धातूच्या बॉडीची पण दोन पिनांची, म्हणजे अर्थिंगच नाही. हे गमतीत घेऊ नका, जीवावर बेतू शकतं. वायर बदलून घ्या आणि वायरमनकडून मेगरने गळती तपासून घ्या. पहिल्यांदा चालवताना त्याला सिरीज बोर्डवर, म्हणजे १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब मध्ये घालून, लावायला सांगा. बल्ब प्रवाहाला अर्ध्या अँपिअरच्या आत रोखून धरतो, त्यामुळे काही बिघाड असला तरी मोटर जळत नाही. बल्ब भकभक पेटला आणि मोटर ढिम्म, तर आत शॉर्ट आहे किंवा बेअरिंग जाम आहे. मोटर रेंगाळत का होईना फिरली, तर जीव आहे समजा. मी हे आधी केलं असतं तर आठ-दहा सेकंदांचा तो तमाशा टळला असता.

ट्रान्सफॉर्मर घेताना मशीनच्या वॉटपेक्षा मोठा घ्या. ४०० वॉटच्या मशीनला मी १००० चा लावतो, कारण सुरू होताना मोटर क्षणभर बराच जास्त प्रवाह मागते.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत जा. दोन वायरी अदलाबदल झाल्या की तासन् तास जातात. कार्बन झिजलेले असतील तर मिक्सरचे थोडे मोठे कार्बन घेऊन पॉलिश पेपरवर घासून मापात बसवता येतात. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लोहार चाळीत असे सुटे भाग मिळतात. अपराईटचा रबरी पट्टा मात्र नेमक्या मापाचाच लागतो. जुनी पिशवी अंगणात उघडा, मास्क लावून. आणि रंग देऊ नका! चरे असू देत. बेकलाइटला तडा गेला असेल तर गेला, त्यावर ऑइलपेंट फासलं की संग्राहकाच्या दृष्टीने मशीन संपलं.

ओहायोचं ते अपराईट आता दर रविवारी चालतं. घरातल्या एकुलत्या एका गालिच्यावर, पाच मिनिटं. आवाज तोच, घरघर-टकटक. आईने त्याच्या पिनेला लाल चिंधी बांधून ठेवली आहे, आणि ट्रान्सफॉर्मरशिवाय त्याला कुणालाही हात लावू देत नाही, मला तर नाहीच.